दोन वाफे, एकवीस किलो बीट: काढणीपासून बरणीपर्यंतच्या नोंदी

वाई, हिवाळा २०२३-२४. घरामागच्या परसात दहा फूट बाय चार फुटांचे दोन वाफे आहेत. गेल्या वर्षी तिथलं सगळं बीट एकाच दिवशी उपटलं, पाला बुडापासून छाटला, गड्डे स्वच्छ धुतले आणि ओट्याखालच्या टोपलीत ठेवले. बाराव्या दिवशी निम्मे रबरासारखे लिबलिबीत झाले होते. पिकवायला अडीच महिने लागले आणि घालवायला दोन आठवडे पुरले, याची खंत वर्षभर राहिली. म्हणून यंदा वजनकाटा आणि वही शेजारी ठेवून काम केलं. परसात बीट लावणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरं.

२२ ऑक्टोबर

पहिल्या वाफ्यात पेरणी. बियाण्याचं पाकीट ६० रुपये, जात डेट्रॉइट डार्क रेड. बी रात्रभर पाण्यात भिजवलं. ओळींत एक फूट, दोन बियांत चार बोटं अंतर ठेवलं. दुसरा वाफा मुद्दाम मोकळा सोडला, तो तीन आठवड्यांनी पेरायचा.

१४ नोव्हेंबर

दिवाळीच्या गडबडीत विरळणी राहून गेली. बिटाचं बी म्हणजे खरबरीत गुठळी असते, तिच्यात दोन-चार बिया एकत्र असतात, त्यामुळे एका जागी तीन-तीन रोपं उठतात. ती वेळेवर उपटली नाहीत तर सगळ्यांनाच जागा कमी पडते. मी आठवडाभर उशीर केला. पुढे काढणीत पिळवटलेले, एकमेकांना चिकटलेले गड्डे निघाले, ते याच चुकीमुळे. उपटलेली कोवळी रोपं फुकट गेली नाहीत, लसणाच्या फोडणीत परतून भाजी केली. दुसरा वाफा काल संध्याकाळी पेरला.

५ जानेवारी

पेरणीपासून पंच्याहत्तर दिवस. पहिल्या वाफ्यातले मोठे तेवढेच गड्डे काढले, ६.४ किलो भरले. लहान तसेच ठेवले.

चूक लगेचच झाली. मी पाला गोळा करत होते आणि गड्डे साफ करत होते आमचे हे. मी बघेपर्यंत ह्यांनी दीड किलो बिटांचा पाला मुळ्यासारखा माथ्यासकट कापला होता, शेपटीही छाटली होती. कापलेल्या जागेतून लाल रस पाझरत होता. असं बीट साठवणीला चालत नाही, उकडायलाही नाही, कारण रंग आणि गोडी दोन्ही पाण्यात उतरतात. ते वेगळं काढून आधी संपवायचं ठरवलं. बाकीच्यांचा पाला दोन बोटं देठ ठेवून हातानं पिळून तोडला, शेपूट तशीच ठेवली, माती नुसती झटकली. पाणी लावलं नाही.

पाला लगेच तोडणं महत्त्वाचं आहे. पाला गड्ड्यातलं पाणी ओढत राहतो आणि गेल्या वर्षी बीट मऊ पडायला मी केलेल्या उशिराचाही हात होता. त्या दिवशी पाला रात्रभर तसाच होता.

पाला अडीच किलोच्या आसपास निघाला. दोन दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून आजच निम्मा आटोपला: बारीक चिरून, कांदा-लसणाची फोडणी, वरून बेसन पेरून झाकण. देठं वेगळी चिरून आधी परतायची, त्यांना पाच मिनिटं जास्त लागतात. आमच्या ह्यांना पूर्वी मुतखडा झाला होता. या पाल्यात पालकासारखंच मुतखडा वाढवणारं ऑक्झलेट भरपूर असतं, त्यामुळे त्यांच्या ताटात ही भाजी चमचाभरच. उरलेला पाला उद्याच्या थालीपिठात.

६ जानेवारी

आज शिजवायच्या तीन पद्धती करून पाहिल्या.

कुकर: माथा-शेपूट न कापलेली, धुतलेली बिटं, बुडाशी दोन वाट्या पाणी. लिंबापेक्षा थोडी मोठी असतील तर तीन शिट्ट्या आणि पाच मिनिटं मंद आच. क्रिकेटच्या चेंडूएवढी, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपासची, असतील तर पाच शिट्ट्या आणि दहा मिनिटं. पहिल्या घाण्यात मी लहान-मोठी एकत्र लावली. लहानांचा गाळ झाला आणि मोठी मध्ये कचकचीत राहिली, ती पुन्हा लावावी लागली. गॅस दुप्पट गेला. तेव्हापासून आकार वेगळे करूनच लावते. शिजलेलं बीट गार पाण्यात धरून दाबलं की साल हातात येते. सोलाणं लागत नाही.

वाफ: मोदकपात्रात पन्नास मिनिटं. चव कुकरपेक्षा चांगली, पण रोज एवढा वेळ नसतो.

बंबाची राख: आंघोळीचं पाणी अजून आमच्याकडे बंबात तापतं. आई म्हणाल्या, "रताळी भाजतो तशी घाल की राखेत." घातली. पाऊण तासानं काढली तर बाहेरचा बोटभर थर कोळसा आणि आत कच्चं. पुढच्या खेपेला केळीच्या पानाच्या दोन घड्यांत गुंडाळून, निखारे बाजूला सारून, नुसत्या गरम राखेत सव्वा तास पुरली. सोलल्यावर आतून जी गोडी निघाली ती कुकरमधल्या बिटाला कधीच येत नाही, कारण पाण्याचा थेंब लागलेला नसतो. मीठ, मिरपूड, लिंबू एवढंच लावून खाल्लं. ज्याच्याकडे चूल किंवा बंब आहे त्यानं एकदा तरी करून बघावं.

८ जानेवारी

सकाळी बाबा घाबरून आले. लघवी लाल झाली होती. दोन दिवस आम्ही तिन्ही त्रिकाळ बीट खात होतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. काही जणांना असं होतं, बिटाचा रंग तसाच उतरतो आणि खाणं थांबवलं की एक-दोन दिवसांत जातो. त्यांचाही गेला. घरात वयस्कर माणूस असेल तर आधीच सांगून ठेवावं. बीट न खाताही लाल दिसत असेल तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं.

९ जानेवारी

रंगाच्या बाबतीत आठवड्यात दोनदा हात पोळले.

कापलेल्या दीड किलोतला कीस लोखंडी कढईत परतला. झाकण ठेवून पंचवीस मिनिटं शिजवला, तो काळपट तपकिरी झाला. तोच कीस स्टीलच्या पातेल्यात, परतायला घेतानाच अर्ध्या लिंबाचा रस घालून, दहा मिनिटांत उतरवला तर माणकासारखा राहिला. आंबट आधी घालायचं आणि आच कमी वेळ द्यायची. लिंबानं मातीचा वासही कमी होतो. मुलांना बीट नको असतं ते बहुतेक त्या वासामुळेच.

दुसरा फसलेला पदार्थ ढोकळा. पिठात बिटाचा रस घातला, सुंदर गुलाबी दिसत होता. सोडा घालून फेटला, वाफवला आणि झाकण काढलं तर मातकट पिवळसर. सोडा आणि वाफ दोन्हीनं मिळून रंग मारला. चव ठीक होती, पण ज्यासाठी केला ते साधलं नाही. आता रंग हवा असतो तिथे सोडा घालत नाही. उकडलेल्या बिटाची पेस्ट पोळीच्या कणकेत किंवा धिरड्याच्या पिठात घालते, तिथे तो टिकतो.

कोशिंबिरीचं सांगायचं तर, आमच्याकडे उकडलेल्या बिटाची चालते. फोडी, मीठ, किंचित साखर, दाण्याचं कूट, वर तुपाची जिरं-हिंगाची फोडणी. दही पानात वाढायच्या आधी पाच मिनिटं. आधी कालवलं की मिठानं पाणी सुटून ताटभर वाहतं.

१४ जानेवारी

भोगी. भाकरी, भोगीची भाजी झाली आणि दुपारी पहिल्या वाफ्यातलं उरलेलं बीट काढलं. ५.१ किलो. हे सगळं साठवणीच्या प्रयोगाला.

आईंचं माहेर सांगलीजवळ हरिपूरकडचं. तिथे हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे. २००५ च्या महापुरात बरीचशी पेवं खराब झाली. त्यांचं म्हणणं, बीटही जमिनीत पुरून ठेवावं. पण पेवात ठेवायची ती वाळलेली हळद, आणि बीट तर पाण्यानं भरलेलं. त्याला कोरडेपणा चालत नाही, ओलावाही चालत नाही. म्हणून जुना मोठा माठ घेतला, गळ्याशी तडा गेलेला. तीन पाट्या वाळू आणली, १५० रुपये. तळाला दोन बोटं वाळू, त्यावर बिटं एकमेकांना न टेकता, पुन्हा वाळू, असे चार थर. वाळूवर तांब्याभर पाणी शिंपडलं आणि माठ मागच्या उत्तरेच्या पडवीत ठेवला.

२३ जानेवारी

माठातून वास आला म्हणून उकरलं. तळच्या थरातली ९०० ग्रॅम बिटं सडली होती. काहींना पांढरी मुळं फुटली होती. शिंपडलेलं सगळं पाणी खाली उतरून साचलं होतं.

सगळं उपसलं. वाळू गोणपाटावर अर्धा दिवस पसरली. आता कसोटी अशी ठेवली: वाळू मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण मूठ उघडल्यावर तळव्याला ओल लागू नये. चांगली बिटं एकेक तपासून पुन्हा भरली, खरचटलेली बाहेर ठेवली. पाणी आत घालणं बंद केलं. त्याऐवजी माठाभोवती गोणपाट गुंडाळला आणि तो सकाळ-संध्याकाळ भिजवू लागले. शेतकरी विटांच्या दुहेरी भिंतीत वाळू भिजवून शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधतात, त्यातलंच तत्त्व, फक्त घरच्या माठाला. दुपारी पडवीत थर्मामीटर २९ अंश दाखवत होता, माठात १९. शीतकपाटाएवढं नाही, पण टोपलीच्या मानानं फार मोठा फरक.

२४ जानेवारी

बरण्या. पहिल्या काढणीतलं दोन किलो बीट आतापर्यंत शीतकपाटात होतं. माझा बेत होता की उकडून, फोडी करून, उकळत्या पाण्यात बुडवून घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरायचं आणि फडताळात ठेवायचं. नणंद परिचारिका आहे. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "वहिनी, ते बिलकुल करू नका." बिटात आंबटपणा नाही, आणि हवाबंद बरणीत, आंबटाशिवाय, बाहेरच्या उष्णतेत बोटुलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात. वास नाही, बुरशी नाही, आणि जिवावर बेतू शकतं. हे मला ठाऊक नव्हतं. ज्यांच्या मनात असा बेत असेल त्यांनी हा एक परिच्छेद तरी लक्षात ठेवावा.

म्हणून व्हिनेगरमध्ये केलं. दोन किलो बीट उकडून, सोलून, चकत्या. पांढरं व्हिनेगर ७०० मिलीच्या दोन बाटल्या, १३० रुपये. साखर १५० ग्रॅम, मीठ दोन चमचे, दहा मिरे, सहा लवंगा, दालचिनीचा तुकडा. बाटलीवर आंबटपणा ४ टक्के लिहिला होता, म्हणून पाणी अजिबात मिसळलं नाही. उकळी आणून, उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या बरण्यांत चकत्यांवर ओतलं. चकत्या पूर्ण बुडल्या पाहिजेत. सगळ्या बरण्या शीतकपाटात, एकही बाहेर नाही. तीन दिवसांत मुरलं. पिठलं-भाकरीबरोबर फारच छान लागतं.

२ फेब्रुवारी

दुसऱ्या वाफ्याची काढणी, ६.३ किलो. इथे विरळणी वेळेवर केली होती. गड्डे गोल, एकसारखे. बारा झाडं मुद्दाम जमिनीतच ठेवली, बघू किती दिवस चालतात.

लोणच्याचीही नोंद इथेच करते. १५ जानेवारीला एक किलो कच्च्या बिटाच्या बारीक सळ्या, मोहरीची डाळ, तिखट, मीठ, वरून गार केलेली फोडणी, असं कैरीसारखं लोणचं घातलं होतं. कैरी स्वतः आंबट असते, बीट नाही, हे विसरले. सळ्यांना पाणी सुटलं, तेल वर पुरलं नाही आणि नवव्या दिवशी कडेला पांढरी बुरशी. आई म्हणत होत्या वरचं काढून टाक. मी सगळं टाकलं, कारण बुरशी दिसते त्याच्या खालीही गेलेली असते. एक किलो बीट आणि पावशेर तेल गेलं. आता लोणचं करते ते वाटीभरच, लिंबाच्या रसात, शीतकपाटात ठेवून आठवड्यात संपेल एवढं.

३ ते ७ फेब्रुवारी

वाळवण. सोलून पातळ चकत्या केलेलं ९०० ग्रॅम बीट गच्चीवर थेट उन्हात घातलं. दोन दिवसांत वरची बाजू विटकरी-तपकिरी पडली, माश्या बसल्या, शेजारच्या बांधकामाची धूळही आली. ते कंपोस्टमध्ये गेलं.

दुसरी खेप, सोलून २.१ किलो. जुन्या सुती साडीवर, माळ्यावर सावलीत, वर पंखा, अंगावर मलमल. रोज एकदा उलटलं. चौथ्या दिवशी चकती वाकवली की कट्कन मोडली. वजन २७५ ग्रॅम. रंग गडद जांभळा, जसा हवा तसा.

पुढे घाई नडली. मिक्सरमधून काढलेली पूड कोमट असतानाच बाटलीत भरली. दहा दिवसांत तिची वडी झाली, सुरीनं फोडावी लागली. ती ताटात पसरून पुन्हा वाळवली, गार झाल्यावर लहान लहान बाटल्यांत भरली. एक उघडी, बाकीच्या बंद. तेव्हापासून मोकळी राहिली आहे.

१० फेब्रुवारी

दीड किलो शीतकपाटाच्या वरच्या कप्प्यात गोठवायला ठेवलं होतं, त्याचा निकाल. कच्चा कीस गोठवलेला होता तो वितळल्यावर चोथा आणि पाणी झाला, रस काढण्याखेरीज उपयोग नाही. पूर्ण उकडून, फोडी ताटात सुट्या गोठवून मग पिशवीत भरलेलं उत्तम. अर्धंकच्चं उकडून चालत नाही, पूर्ण शिजवावं लागतं. उकडून वाटलेलं बीट बर्फाच्या साच्यात भरून ठेवलं, सकाळी डब्याच्या पराठ्यांना दोन खडे पुरतात. घरातल्या शाळकरी मुलाच्या पोटात सर्वांत जास्त बीट याच वाटेनं गेलं.

२५ फेब्रुवारी

जमिनीत राखलेली बारा बिटं काढली. १०४ दिवस झाले, ३.२ किलो भरली. दिसायला देखणी, कापल्यावर पांढरट कडक चक्रं आणि धागे. सात शिट्ट्यांनंतरही दाताखाली चिवट. किसून एक लिटर दुधात हलवा केला, तरी धागा लागलाच. थंडी आहे तोवर, साधारण नव्वद दिवसांपर्यंत, जमिनीतच राहू देणं ही सर्वांत स्वस्त साठवण. त्यापुढे नाही.

माठातलं आज संपवलं. ४.२ किलोपैकी ३.६ किलो खाण्याजोगं निघालं, म्हणजे सहा आठवडे. गेल्या आठवड्यापासून दुपारी ऊन तापू लागलं तसे माथ्यावर लाल कोंब फुटले. कोंब फुटलेलं बीट मऊ पडतं, पण आमटीत चालतं.

शीतकपाटातलं १.८ किलो, देठासकट, न धुता, भोकं पाडलेल्या पिशवीत, खालच्या भाजीच्या कप्प्यात. अजून टणक आहे. आधी बिनभोकाच्या पिशवीत ठेवलं होतं, आतून पाणी धरलं म्हणून बदललं.

१७ मार्च

वाळवणाचे दिवस. साबुदाण्याच्या चकल्यांत बिटाची पूड घातली. ओल्या असताना आणि वाळल्यावरही रंग सुरेख. तळल्या तर तेलात पडताच बदामी तपकिरी झाल्या. कडक तेलात हा रंग टिकत नाही, मंद तेलात तळूनही फरक पडला नाही. पुढच्या खेपेला पूड चकलीत नको. ताकात, दह्यात, शेंगदाण्याच्या चटणीत छान राहते, तिथेच वापरणार.

३० मार्च

रंगपंचमीला मुलांनी बिटाच्या पुडीतला थोडा भाग पाण्यात कालवून पिचकारीत भरला. पांढऱ्या सदऱ्यावर पडलेले डाग लगेच धुतले तर गेले. एक सदरा उन्हात राहिला, त्याच्यावर फिकट तपकिरी ठसा अजून आहे.

९ एप्रिल

गुढीपाडवा. शीतकपाटातली शेवटची दोन बिटं काढली, म्हणजे सदुसष्ट दिवस. साल थोडी सुरकुतली होती, आतून चांगली. कोशिंबीर केली.

फेब्रुवारीत माठातल्या कोंब आलेल्या बिटांचे माथे दोन बोटं जाड कापून कुंडीत अर्धे पुरले होते. त्यांना गड्डा धरत नाही, पण पाला येतो. आज तो दुसऱ्यांदा खुडला, ओंजळभर निघाला. वरणात घातला.